दाराला हात लावू नका

सभेला येणं आणि सभेत बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे ज्याला पटत नसेल त्यानं आमच्या नवप्रभात सहकारी गृहनिर्माण संस्थेचं सेक्रेटरीपद एक उन्हाळा सांभाळून दाखवावं. मी सांभाळलं. त्यानंतर माझे केस गेले ते गेलेच.

आमची संस्था उस्मानाबादच्या बाहेर, तेरच्या रस्त्याला. चाळीसेक घरं. शिक्षक, कारकून, एसटीतले, पोस्टातले. सगळे पगारदार, सगळे शहाणे आणि सगळे कायम घाईत. मी स्वतः पाटबंधारे खात्यात कारकून. म्हणजे दिवसभर कचेरीत धरणांच्या कागदांवर शिक्के मारायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पाय धुवायला तांब्याभर पाणी मागताना बायकोच्या तोंडाकडं बघायचं. शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात तर मी पाय धुणंच सोडून दिलं होतं.

आमच्या सभेची एक रीत होती. माणूस यायचा, सही करायचा, चहा प्यायचा, बशीतला चिवडा संपवायचा आणि ‘आलोच’ म्हणून चपला घालायचा. हा ‘आलोच’ म्हणून गेलेला माणूस पुढच्या सभेलाच उगवायचा, आणि चिवडा मागच्या खेपेपेक्षा मऊ आहे म्हणून तक्रार करायचा. मग चेअरमन तात्या गणसंख्येअभावी सभा तहकूब करायचे आणि अर्ध्या तासानं त्याच जागी, त्याच सतरंजीवर, उरलेल्या चौघांत तीच सभा पुन्हा भरवायचे. तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही. सहकारातली ही फार मोठी सोय आहे, आणि निम्मा सहकार तिच्यावरच उभा असावा असा माझा संशय आहे. एकदा मी चहा सभेनंतर ठेवून पाहिला. त्या वेळी सहीलाही कुणी आलं नाही.

तात्या म्हणजे निवृत्त हेडमास्तर. कानही नोकरीबरोबरच निवृत्त झालेले. त्यामुळं सभेत कोण काय बोलतं याचा त्यांना त्रास होत नसे. एकदा कागद हातात घेतला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, एवढंच त्यांना ठाऊक. चेअरमन म्हणून माणूस आदर्श होता.

तर त्या उन्हाळ्यात प्रश्न आला बोअरचा. दुष्काळी कामातलं बोअर मारायचं मशीन महिनाअखेरीला आमच्या बाजूला येणार होतं. जिथं जागा आणि ठराव तयार असेल तिथं थांबायचं, नसेल तिथून सरळ पुढच्या तालुक्यात निघून जायचं, असा हुकूम होता. जागा आमच्याकडं होती. मोकळा प्लॉट, बगीच्यासाठी राखून ठेवलेला. बगीचा अजून झाला नव्हता, पण शेळ्या नियमानं फिरायला येत. अडचण होती ती पोटनियमांची. ‘मोकळ्या जागेत बगीचा वगळता कसलेही खोदकाम करू नये,’ असं एक कलम आमच्या पोटनियमांत होतं. संस्था काढताना हे पोटनियम मुंबईच्या कुठल्याशा सोसायटीचे जसेच्या तसे उतरवून घेतले होते. ‘लिफ्टमधून गाद्या नेऊ नयेत’ असंही एक कलम त्यात आहे. आमच्या संस्थेत जिना असलेलं घर एकच, आणि त्या जिन्यावर मालकाच्या कोंबड्या राहतात.

पोटनियम बदलायला मात्र तहकूब सभा चालत नाही. दोन तृतीयांश सभासद हजर पाहिजेत आणि त्यांनी तिथं बसून हात वर केला पाहिजे. बोअरला विरोध कुणाचाच नव्हता. ज्याला विचारावं तो म्हणे, "आमचा पाठिंबा हाय की!" पण हा पाठिंबा घरी जाऊन असे. मी दोनदा सभा बोलावली. दोन्ही वेळा चिवडा संपला आणि ठराव राहिला.

इकडं माझी बायको वनमाला रोज रस्त्यापलीकडच्या मळ्यातल्या विहिरीवरून डोक्यावर घागरी आणत होती. कधीमधी नगरपालिकेचा टँकर यायचा. तो आला तर सगळ्या संस्थेत भांड्यांचा गलका, नाही आला तर पुन्हा विहीर. आम्ही पुरुष मंडळी पाणी आणत नसू. सायकलला कळशी लटकवायला आमची ना नव्हती, पण विहिरीची पाऊलवाट सायकलची नव्हती. आणि डोक्यावर घागर घ्यायची, तर समोरून विद्यार्थी आला, साहेब आला, ओळखीचं कुणी आलं, मग काय करायचं? संस्थेत चाळीस घरं, पण या एका मुद्द्यावर कधीही मतभेद झाला नाही.

"दोन सभा केलाव," वनमाला घागर उतरवत म्हणाली. "माझी एक तरी खेप कमी झाली का?"

"लोक बसत नाहीत. मी काय त्यांना कोंडून ठेवू?"

"ठेवा की," ती म्हणाली आणि दुसरी घागर घेऊन निघून गेली.

आणि नेमकं त्याच आठवड्यात तिचा भाऊ व्यंकट पुण्याहून आला. व्यंकट पुण्यात कुलपांच्या एका कारखान्यात कामाला होता. येताना चिवडा, बाकरवडी आणावी हा साधा विचार सोडून त्यानं गोणपाटात गुंडाळलेलं लोखंडाचं एक जड धूड आणलं होतं.

"दाजी, हे चुंबकाचं कुलूप," तो म्हणाला. "याला किल्ली न्हाय, कडी न्हाय. चौकटीला चुंबक, दाराला पट्टी. करंट सोडला की दोन बैलं लावली तरी दार उघडत न्हाय."

"मग माणसानं बाहेर कसं पडायचं?"

"त्येच तर सांगायलोय. ही दांडी दाबायची. दाबली की घंटा वाजती. कुलूप मनातल्या मनात पंधरापर्यंत मोजतं आणि मग आपसूक दार सोडतं. मोठ्या गोदामात बसवत्यात. चोर पळाय लागला की घंटा होती, लोक जमा होत्यात. आणि आग लागली तर माणूस अडकून मरत बी न्हाय."

माझ्या डोळ्यांसमोर चोर आला नाही, हणमंतप्पा आला. हणमंतप्पा म्हणजे आमचा शेजारी, नळदुर्गकडचा, आरोग्य खात्यात हेडक्लार्क. ‘आलोच’ म्हणण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. हा गृहस्थ चिवडा तोंडात टाकून दाराशी जातो आहे, दांडी दाबतो आहे, घंटा खणखणते आहे, आणि दार उघडेपर्यंत सगळी सभा त्याच्या पाठीकडं बघते आहे, हे चित्र मला फार आवडलं. माणसाला अडवायचं नाही, फक्त जरा वेळ लाजवायचं. लोकशाहीत याहून काय पाहिजे?

"कंपनीनं एवढं भारी कुलूप तुला दिलं कसं?" मी विचारलं.

"ह्या नगात एक खोड हाय. मोजणी चालू असताना कुणी परत दांडी दाबली, न्हायतर दाबूनच धरली, तर ते पुन्यांदा एकपासनं मोजाय लागतं. म्हणून बाजूला काढलेला. पण आपल्याला काय करायचंय? एकदा दाबायची अन् गुमान हुबं राहायचं."

गुमान उभं राहायचं! व्यंकटला पुण्यात राहून बरीच वर्षं झाली होती, एवढंच मी म्हणेन.

कुलूप बसवायचं होतं संस्थेच्या समाजमंदिराला. एक खोली, गज बसवलेल्या दोन खिडक्या आणि एकच दार. रविवारी सकाळी मी आणि व्यंकट कामाला लागलो आणि पहिल्या हातोड्याबरोबर हणमंतप्पा हजर झाला.

"अय्यो, दार तर आत उघडतंय की!" तो म्हणाला. "ह्या दांडीला बाहेर उघडणारं पायजे."

हे आम्हाला सुचलं नव्हतं, याचा मला जास्त राग आला. सुतार गुंडाप्पाला बोलावलं. त्यानं बिजागऱ्या काढून दार उलटं टांगलं. दार उन्हानं इतकं वाकलं होतं की वर मिटलं की खाली फाकायचं आणि खाली मिटलं की वर. गुंडाप्पानं रंधा मारला. मग चौकटीत चुंबकाचे स्क्रू घुसेनात, म्हणून भोक मोठं केलं. मग चौकट हलायला लागली, म्हणून भिंत फोडून सिमेंट भरलं. भिंत फुटल्यावर आतून कोरडी मातीच आली, कारण बांधकामाच्या वेळी सिमेंटचा दुष्काळ होता.

एवढं झाल्यावर दार बाहेर उघडून पाहिलं तर ते अर्ध्यावर थांबलं. समाजमंदिराला लागूनच हणमंतप्पाचं घर, आणि त्याचं पाण्याचं पिंप तिथं भिंतीशी ठेवलेलं.

"पिंप जरा सरकवा," मी म्हणालो.

"पिंप सरकणार न्हाय, नारायणराव. टँकरचा पाइप तिथंच पोचतो." मग तो जरा विचार करून म्हणाला, "दारच थोडं कापा की."

दार कापलं नाही. अर्धंच उघडेल असं ठरलं. एक माणूस आडवा होऊन निघेल एवढी फट पुरे, असं व्यंकटचं मत पडलं. मी कुलपाच्या बाबतीत पहिली माघार घेतली ती ही.

सल्ले तर इतके आले की ते लिहून ठेवले असते तर नवे पोटनियम झाले असते. घंटा फार कर्कश आहे, तिच्याऐवजी भूपाळी वाजावी, असं एका संगीतशिक्षकांना वाटत होतं. एसटीत कंडक्टर असलेले पिराजीराव सोनकांबळे म्हणाले, "मोजणी लई कमी हाय. आमच्या एसटीत उतरायला उठलेला माणूस बी एवढ्यात दारापतूर पोचत न्हाय. ह्यो तर सभेतनं उठलेला माणूस. निम्मा वेळ चपला हुडकण्यात जाईल." पिराजीराव तोंडानं फटकळ, पण मनानं माझ्या बाजूचे. ‘आलोच’ न म्हणता उठून जाणारे संस्थेत ते एकटेच होते. ते नुसतंच जात.

विजेच्या कचेरीत अर्ज घेऊन गेलो तर तिथल्या कारकुनानं विचारलं, "उपकरण कोणतं?"

"कुलूप."

"विजेचं कुलूप?"

"हो."

"घरगुती, शेतीचं का कारखान्याचं?"

मी म्हणालो, सभेचं. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की क्षणभर मलाच वाटलं आपण सरळ कडी-कोयंडा लावून घरी जावं. शेवटी बऱ्याच चर्चेनंतर त्यानं कुलपाची नोंद ‘पंखा, एक’ अशी केली. त्या कागदाप्रमाणं आमच्या दाराला आजही पंखा बसवलेला आहे.

तिसरी सभा भरली. झाडून सगळे आले, कारण कुलूप बघायचं होतं. सह्या झाल्या, चहा झाला. मी दार लावलं, बटण दाबलं, ‘टक्’ असा आवाज होऊन दारानं चौकट घट्ट धरली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तात्यांनी घसा साफ करून कागद हातात घेतला, आणि वीज गेली.

वीज गेली की हे कुलूप सुटतं. माणूस आत अडकू नये म्हणून तशी सोय केलेली असते. पुण्यात ही सोय असेल. आमच्याकडं त्या उन्हाळ्यात वीज जायची नाही, ती मुळात यायची पाहुण्यासारखी. दार स्वतःच्या वजनानं आपोआप अर्धं उघडलं आणि हणमंतप्पाच्या पिंपावर जाऊन ‘ठण्ण’ वाजलं. सगळी सभा उठली.

"आलोच," हणमंतप्पा म्हणाला.

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. वनमालानं आग्रहही केला नाही. ती एवढंच म्हणाली, "मला कुलूप नको हो. मला पाणी पायजे." मला हे लागलं. मशीन यायला आता थोडेच दिवस उरले होते. ते निघून गेलं असतं तर पुढच्या पावसापर्यंत, म्हणजे पाऊस आला तर त्या पावसापर्यंत, तिची खेप चुकणार नव्हती. आणि एवढं सगळं करून संस्थेत माझं नाव ‘पंखेवाले सेक्रेटरी’ पडलं होतं ते वेगळंच.

मी हट्टाला पेटलो. तामलवाडीच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर नांगरायला जमिनीत ओल नाही म्हणून नुसता उभा होता. त्याची बॅटरी मागून आणली. आत ठेवली तर तिच्या वासानं संगीतशिक्षकांना खोकला येऊ लागला, म्हणून खिडकीबाहेर ओट्यावर ठेवली आणि तार भिंतीतून आत घेतली. आता विजेचं काही का होईना, कुलूप धरून राहणार होतं.

तेवढ्यात सहकाराच्या कचेरीतून निरोप आला. कचेरीचं नाव लिहीत नाही, तिथं अजून माझी कामं पडतात. सभासदांना कोंडून सभा घेतल्याची तोंडी तक्रार आली आहे, सबब चौथ्या सभेला साहेब जातीनं हजर राहतील. साहेब आले. बारीक अंगाचे, घड्याळाकडं बघत बोलणारे.

"कुलूप घेण्याचा ठराव कुठं आहे?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"ठराव करायला सभा पाहिजे साहेब. आणि सभा व्हावी म्हणून तर कुलूप आहे."

"म्हणजे ठरावाविना घेतलं."

"घेतलं नाही, मेहुण्यानं आणलं."

"मेहुण्याची देणगी स्वीकारण्याचा ठराव?"

मी चहाची बशी पुढं केली. साहेबांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. त्यांना ढोकीची एसटी गाठायची होती, आणि ती चुकली तर रात्र उस्मानाबादेत काढावी लागणार होती. "मला वेळेवर सोडा," ते म्हणाले. "बाकीचं नंतर पाहू."

सभा सुरू झाली. दार लागलं, ‘टक्’ झालं. सगळे बसून होते. पहिलीच दांडी कुणी दाबायची, अशी एकमेकांची वाट बघत. हणमंतप्पानं दोनदा दाराकडं पाहिलं आणि दोनदा घंटेकडं. माझी युक्ती चालली होती! तात्या उभे राहिले, चष्मा पुसला आणि ठरावाचा कागद वाचायला लागले. "आजची ही विशेष सर्वसाधारण सभा असा ठराव करते की..."

आणि बाहेर टँकरचा हॉर्न वाजला.

पुढचं सांगताना आजही मला घाम फुटतो. सगळी सभा एकदम उठली. टँकर आला म्हणजे पाइप पहिल्यांदा कुणाच्या पिंपात पडतो याच्यावर त्या घराचा आठवडा अवलंबून असायचा. पुरुषांनी जाऊन ओरडायचं, नंबर लावायचा आणि बायकांनी भरायचं, अशी आमच्यातली कामाची वाटणी होती. हणमंतप्पानं दांडी दाबली. घंटा सुरू झाली. कुलूप मनातल्या मनात मोजायला लागलं असेल नसेल, मागून पिराजीरावांनी दाबली. मोजणी पुन्हा एकपासून. मग संगीतशिक्षकांनी. मग पोस्टातल्या दोघांनी मिळून.

"ढकलू नका!" मी ओरडलो. "हात काढा! एकदा दाबायची आणि थांबायचं!"

"आधी त्येंना काढाय सांगा," पिराजीराव म्हणाले.

"मी का काढू? मी पहिला हाय!" हणमंतप्पा म्हणाला.

अडचण खरी तीच होती. दार उघडणार अर्धं, बाहेर पडणार एकेक. ज्याचा हात दांडीवर, तो पहिला निघणार. मग हात कोण काढील? आणि कुणी हात काढत नाही तोवर दार उघडणार नाही. मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांना समजलं. समजून सगळ्यांनी आणखी जोरात ढकललं. घंटेनं कान फाटायची वेळ आली. साहेब गर्दीत चेंगरू नये म्हणून खुर्चीवर चढून उभे राहिले होते. फक्त तात्या शांत होते. त्यांना घंटा ऐकूच येत नव्हती. ते वाचत होते. "...पोटनियमातील खोदकामाबाबतचे कलम रद्द करून त्या जागी पुढीलप्रमाणे..."

मला बॅटरी आठवली. तार उपटली की कुलूप सुटणार! मी खिडकीला धावलो. बाहेर टँकरभोवती बायका जमल्या होत्या. नवल म्हणजे गलका नव्हता. पिराजीरावांच्या प्रेमाबाई पाइप धरून उभ्या होत्या आणि एकेका घराचं पिंप ओळीनं भरत होतं.

"अगं ए!" मी गजांतून हाक मारली. "त्या ओट्यावरच्या बॅटरीची तार उपट! लवकर!"

वनमाला पदर खोचून खिडकीपाशी आली. तिनं बॅटरीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, माझ्यामागच्या धुमश्चक्रीकडं पाहिलं.

"ठराव झाला का?"

"न्हाय अजून, पण..."

"मग बसा," ती म्हणाली आणि टँकरकडं निघून गेली.

मी तिथंच गज धरून उभा राहिलो. आत चाळीस शहाणी माणसं एकमेकांच्या बरगड्यांत कोपर घालत होती, आणि ज्या बाईसाठी मी हा सगळा उपद्व्याप केला तिनं मला माझ्याच कुलपात सोडलं होतं. मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त मला त्या हणमंतप्पाच्या खांद्याचा राग आला. तो दांडीवर खांदा टेकून उभा होता.

"हणमंतप्पा, हात काढा म्हणतोय ना!"

"हात कुठं लावलाय? नुसता टेकलोय!"

मग माझं डोकं सरकलं. मी उडी मारून चहाच्या टेबलावर चढलो आणि आयुष्यात पहिल्यांदा साहेबासारखा ओरडलो.

"एक पाऊल मागं सरा आणि सगळ्यांनी दोन्ही हात वर करा! ज्याचा हात खाली दिसेल त्याला सगळ्यात शेवटी सोडीन!"

‘शेवटी’ हा शब्द लागू पडला. एक हात वर गेला, दुसरा गेला, एकमेकांकडं संशयानं बघत सगळी सभा मागं सरली आणि सगळ्यांचे हात वर झाले. हणमंतप्पाचेही. कुलूप मोजायला लागलं. मीही मोठ्यानं मोजायला लागलो. "एक, दोन..."

नेमका त्याच क्षणी तात्यांचा कागद संपला. त्यांनी चष्म्यावरून समोर पाहिलं. "या ठरावाला अनुकूल असणाऱ्यांनी हात वर..." एवढं म्हणून ते थांबले. डोळे भरून आले त्यांचे. इतके हात त्यांनी शाळेतसुद्धा एकदम वर पाहिले नव्हते. "वा!" ते म्हणाले. "सगळेच अनुकूल."

"सहा, सात..."

"आता विरोधी असणाऱ्यांनी हात वर करावेत."

हात वरच होते! खाली घ्या म्हणावं तर ते पुन्हा दांडीवर पडणार. वर ठेवा म्हणावं तर ठराव गेला. तात्यांचा चेहरा पडला. "सगळेच विरोधी?" त्यांनी साहेबांकडं पाहिलं. मीही पाहिलं. पिराजीराव हात वर ठेवूनच ओरडले, "साहेब, काय तरी करा! येष्टी निघायची येळ झाली तुमची!"

खुर्चीवर उभ्या असलेल्या साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. मग टाचा जुळवून, सबंध सहकार खातं पाठीशी असल्यासारख्या आवाजात ते म्हणाले, "एकदा अनुकूल मत दिलेल्या सभासदास त्याच ठरावावर विरोधी मत देता येत नाही. तसेच एका सभासदाने दोन हात वर केले असले तरी मत एकच धरण्यात येईल. विरोधी: निरंक. ठराव मंजूर."

"पंधरा," मी म्हणालो. आणि टक् झालं.

दार अर्धं उघडून हणमंतप्पाच्या पिंपावर ‘ठप्प’ असं वाजलं. पिंप भरलेलं होतं, आवाजावरूनच कळलं.

"हात खाली घेऊ नका!" मी टेबलावरून ओरडलो. आता कुलूप सुटलेलं होतं, हात खाली आले असते तरी काही बिघडत नव्हतं, पण तो हुकूम द्यायची मला चटक लागली होती. आणि सभासदही इतके धसकले होते की कुणी हात खाली घेतला नाही. नवप्रभात संस्थेचे सगळे मानकरी एकेक करून, आडवे होत, दोन्ही हात वर धरून, पोलिसांना शरण आलेल्या दरोडेखोरांसारखे बाहेर पडले. शेवटी साहेब, त्यांच्यामागं मी.

बाहेर टँकर रिकामा होऊन निघून गेला होता. सगळ्या घरांची पिंपं भरली होती आणि भांडण एकही झालं नव्हतं. उरलेल्या पाण्यानं भरलेल्या घागरी ओट्यावर रांगेनं ठेवल्या होत्या आणि त्यांच्यामागं बायका उभ्या होत्या. हात वर केलेले नवरे बघून पहिल्यांदा प्रेमाबाई हसल्या, मग सगळ्याच.

मशीन पुढं वेळेवर आलं, शेळ्यांना हुसकून बोअर मारलं, मचूळ का होईना पण पाणी लागलं, हातपंप बसला. कुलपाबद्दल मात्र साहेबांनी शेरा मारलाच: खरेदीस अथवा देणगीस ठराव नाही, खुलासा करावा. तो खुलासा मी अजून करतो आहे. पण त्या संध्याकाळचं राहिलं सांगायचं.

वनमाला माझ्यासमोर आली. "झाला ठराव?"

"झाला."

"सगळ्यांनी हात वर केले?"

"बघतीस की."

तिनं स्वतःच्या डोक्यावरची चुंबळ काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. मग ओट्यावरची भरलेली घागर उचलून तिच्यावर टेकवली. "हात वरच हायत तुमचे," ती म्हणाली. "धरा."

मी धरली. एवढी जड असेल असं मला वाटलं नव्हतं. शेजारी हणमंतप्पाच्या डोक्यावर घागर आली, पलीकडं पिराजीरावांच्या, त्यापलीकडं संगीतशिक्षकांच्या. रस्त्यानं ढोकीची एसटी चालली होती, हात करून ती गाठलेले साहेब खिडकीत होते, आणि ते आमच्याकडं मान वळवून वळवून बघत होते. ओळखीचा माणूस बघतोय म्हणून मला घागर खाली ठेवावी असं फार वाटलं. पण मागून वनमाला चालत होती, रिकाम्या हातांनी, रस्त्याच्या मधून. घर येईपर्यंत मी हात खाली घेतले नाहीत.